फाटकाजवळची कायदेशीर पाटी

...नाही, मला एक सांगा, 'फाटकासमोर गाडी लावू नये' यात न कळण्यासारखं काय आहे हो? फाटक कळतं? कळतं. गाडी कळते? कळते. लावू नये, हे तर आमच्या आक्काच्या मांजराला कळलं! पाटी लागल्यापासून ते फाटकासमोर बसत नाही, भिंतीवर बसतं. आणि हा गृहस्थ, चांगला शिकलेला, चष्मेवाला, कडक इस्त्रीचा, पाटीच्या नाकासमोर गाडी उभी करतो, खाली उतरतो, पाटी वरपासून खालपर्यंत वाचतो, माझ्याकडे असं बघतो जसं काही मी पाटीवर नाही, त्याच्या सदऱ्यावर रंग सांडलाय, आणि म्हणतो काय? म्हणतो, "ही काय कायद्याची भाषा झाली?"

आता तुम्हाला सांगतो, मी पेंटर. चित्रं काढणारा नव्हे हो, पाट्या रंगवणारा. शाळेत मी गेलो होतो, पण राहिलो नाही. मात्र या गावातली निम्मी अक्षरं माझ्या हातची आहेत. दुकानांची, दवाखान्यांची, शाळांची, आणि मनाईची तर सगळीच! थुंकू नये, शिरू नये, टेकू नये, तोडू नये... या गावात माणसानं काय काय करू नये, हे माझ्याइतकं कुणी लिहिलेलं नाही. आणि इतकी वर्षं पत्रे रंगवून मला एक गोष्ट पक्की कळली. कायदा म्हणजे काय? लाल रंग, ठसठशीत अक्षर, भोवती काळी चौकट आणि खाली 'हुकमावरून'. झाला कायदा! बाकी सगळी वकिलांची पोटं भरायची सोय.

ते 'हुकमावरून' म्हणजे माझी खास कारागिरी बरं का. त्याचं असं आहे, गिऱ्हाईक सांगतं दोन शब्द आणि आणतं हा एवढा मोठा पत्रा. खाली जागा उरते. मोकळा पत्रा कसा दिसतो? टकलासारखा! म्हणून एकदा मी खाली आपलं ठोकून दिलं, 'हुकमावरून'. गिऱ्हाईक खूश. म्हणाला, "पेंटर, वजन आलं!" तेव्हापासून जिथं जागा उरली तिथं हुकूम. कुणाचा हुकूम? आजतागायत कुणी विचारलं नाही. माणूस हुकूम वाचला की आधी घाबरतो, वेळ मिळाला तर मग विचार करतो, आणि तोवर तो पुढच्या चौकात पोचलेला असतो. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला नुसतं 'शांतता राखा' सांगितलं होतं. पत्रा मोठा होता, मी काय करू? लिहिलं, 'मोठ्याने कण्हू नये. हुकमावरून.' अहो, लोक इतके हळू कण्हायला लागले की डॉक्टरांना वाटलं, औषधाला गुण आला!

तर असा मी, आणि मला हा विचारतो, ही काय कायद्याची भाषा झाली!

ते फाटक आमच्या आक्काचं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मग आक्कानंच आम्हाला कान धरून वाढवलं, म्हणून तर माझे कान हे असे पुढं आलेत. तिचे यजमान, आमचे भावजी, माणूस देवासारखा, पण दोन्ही मूत्रपिंडांनी संप पुकारलेला. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी रुग्णालयाची गाडी येते, मागून फळी खाली सोडते, भावजी चाकाच्या खुर्चीसकट त्या फळीवरून वर, आणि निघाले डायलिसिसला. रक्त धुवून आणतात. भावजी म्हणतात, "तुझ्या बहिणीनं माझे सदरे इतक्या वेळा धुतले नसतील." हसतात, आम्हालाही हसवतात. पण पाळी हुकली, उशीर झाला, की पाय सुजतात, श्वास वर लागतो आणि हसणं बंद. म्हणून त्या गाडीला फाटकासमोर जागा पाहिजे. मोकळी. एवढंच. त्यासाठी मी आक्काला फुकट पाटी करून दिली, माझ्या उत्तम लाल रंगात, भोवती चौकट, खाली हुकूम... सगळी गल्ली मानायची. टेंपोवाले मानायचे, भाजीवाला मानायचा, आणि ज्याला वाचता येत नाही तो लाल रंग बघून मानायचा!

आणि मग समोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, आले कंसमामा.

कंसमामा हे नाव मी ठेवलं. त्यांना बोलताना दर दोन शब्दांनी कंस लागतो. हातानं हवेत काढतात! "मी काल (कंसात, म्हणजे परवाच्या अर्थी नव्हे) बाजारात गेलो..." असं. सरकारचं एक खातं आहे म्हणे, कायद्यात कुठला शब्द बसतो आणि कुठला नाही ते ठरवणारं. तिथं हे मोठे हुद्देदार. दिवसभर बसून शब्दांना विचारायचं, तू कायदेशीर का रे? तुझे कागद दाखव! नाही म्हणाला की हाकलून द्यायचं. असा माणूस आणि त्याची ती मोठी राखाडी गाडी, सरळ आक्काच्या फाटकासमोर.

मी शिडीवर होतो, समोरच्या शिंप्याची पाटी रंगवत होतो. वरूनच म्हटलं, "साहेब, पाटी."

"वाचली."

"मग?"

"'लावू नये' हा सल्ला झाला," म्हणाले. "जेवल्यावर लगेच झोपू नये, तसा. मनाई कुठाय यात? शिवाय फाटक म्हणजे कुठलं फाटक, समोर म्हणजे कुठवर समोर, आणि हुकमावरून... कुणाच्या?"

बघा! इतक्या वर्षांत पहिला माणूस! मला तर क्षणभर आनंदच झाला हो, कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं! मी म्हटलं, "माझ्या बहिणीच्या."

"त्यांना अधिकार कुणी दिला?"

"साहेब, एकदा तिला भेटा, मग विचारा."

हसले. गोड हसतात तसे. पण गाडी काढली नाही. जिना चढता चढता पुन्हा तेच, "छे छे, ही काय कायद्याची भाषा झाली?"

आता मी गप्प बसणारा आहे का? मी रिकामा पत्रा दिसला तरी गप्प बसत नाही! दुसऱ्या दिवशी कंसमामा कचेरीत गेले तेव्हा मी त्यांच्या जिन्यात गेलो आणि त्यांच्या दारावरच्या घंटेखाली एक छोटीशी, सुबक, लाल पाटी ठोकून आलो. 'घंटा वाजवू नये. हुकमावरून.' पुढं काय विचारता? दूधवाला आला, पाटी वाचली, परत गेला. पेपरवाला परत गेला. गॅसवाला तर सिलिंडर खांद्यावर घेऊन वरपर्यंत चढला, वाचलं, आणि तसाच खाली उतरला, शिव्या देत, पण उतरला! मामांची धाकटी बहीण परगावाहून आली, ती दारात पिशवीवर बसून राहिली. मामा संध्याकाळी येऊन बघतात तर काय, बहीण दारात, मामा म्हणतात, "अगं, घंटा का नाही वाजवलीस?" ती म्हणते, "दादा, हुकूम होता ना!"

कुणीही विचारलं नाही हो, ही काय कायद्याची भाषा झाली का म्हणून!

मामा पाटी हातात घेऊनच खाली आले. मला वाटलं आता चिडतील. चिडले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "पेंटर, तुम्ही जे केलंत त्याला दहशत म्हणतात. कायदा निराळा." आणि पाटी खिशात घालून गेले. माझा रंग! माझा पत्रा! आणि गाडी? गाडी तिथंच.

बरं, हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. एरवी रुग्णालयाची गाडी यायच्या आत मामा आपली गाडी घेऊन कचेरीत गेलेले असायचे. पण एका शुक्रवारी ती आली तेव्हा मामा दुसऱ्याच्या गाडीतून कुठल्याशा सभेला गेलेले, राखाडी गाडी फाटकाला चिकटून, खिडक्या बंद, आत कोणी नाही. गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून ओरडतोय, "काका, मला अजून माणसं घ्यायचीत, इथं थांबलो तर मागची गल्ली माझ्या नावानं शंख करील, कोपऱ्यावर या!" कोपऱ्यावर! खुर्ची घेऊन! फाटक आणि ती गाडी यांच्यामधून खुर्ची जाईना, म्हणून मी आणि शिंप्यानं भावजींना उचललं, खुर्ची आडवी करून काढली, पुन्हा बसवलं, निघालो, तर अर्ध्या रस्त्यात खुर्चीचं पुढचं चाक गटाराच्या जाळीत रुतलं. मी ओढतोय, शिंपी ढकलतोय, आक्का पदर खोचून चाक उपसतेय आणि भावजी म्हणतायत, "सावकाश, सावकाश, मी काय पळून जातोय?" पोचलो तेव्हा त्यांच्या यंत्रावर दुसरा माणूस झोपलेला. बसा म्हणाले. बसलो. दुपार गेली, ऊन कललं, तेव्हा कुठं नंबर लागला. परत आणलं तेव्हा चेहरा असा, जुन्या पाटीवरचा पांढरा रंग असतो ना, तसा.

आणि आक्का बोलली नाही. तुम्हाला सांगतो, आक्का बोलत असते तोवर घराला धोका नसतो. ती गप्प बसली की मी लहानपणी पलंगाखाली जायचो. आता गुडघे वाकत नाहीत, म्हणून समोरचा जिना चढून मामांकडे गेलो. या खेपेला खोडी नाही, काही नाही. सरळ सांगितलं, असं असं झालं.

मामांचे कान लाल झाले. खरंच लाल, माझ्या रंगासारखे. म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही की आजारी माणूस आहे."

मी म्हटलं, "पाटी होती ना!"

"पाटी होती, पण तीत..." आणि थांबले. मग गाडीची किल्ली घेऊन माझ्याबरोबर खाली आले, आक्काच्या ओट्यासमोर उभे राहिले, चक्क हात जोडले आणि म्हणाले, "ताई, चुकलं. उद्यापासून मी इथं गाडी लावणार नाही."

झालं! इथं गोष्ट संपायला हवी होती की नाही? शहाण्या माणसांची असती तर संपली असती. पण मामांच्या जिभेला कंस ना! पुढं म्हणाले, "मात्र हे मी उपकार म्हणून करतोय. उद्या माझ्या जागी दुसरा आला, आडमुठा, त्याला ही पाटी बांधून ठेवणार नाही. तुम्हाला उपकार हवाय की हक्क?"

आता आमच्या आक्काला उपकार! जिनं जन्मात शेजारणीकडून वाटीभर साखर आणली नाही, आणली तर दीड वाटी परत केली! ताडकन म्हणाली, "उपकार तुमच्या खिशात ठेवा. मला हक्क पाहिजे."

"मग कायद्याची भाषा हवी," मामा म्हणाले.

आणि मी, मला काय अवदसा आठवली, मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी रंगवतो!" आ बैल मला मार, असं म्हणतात ना? मी तर बैलाला शिंगं रंगवून दिली.

तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून मामा बदलले. अहो, त्या माणसानं उभा जन्म वाक्यं घडवली, पण ती गेली कपाटात! कुणी वाचली? वाळवीनं. आणि आता त्याचं वाक्य भर रस्त्यात लागणार, उन्हात, लाल रंगात! कचेरीतून सुटले की आक्काच्या ओट्यावर हजर. आक्का चहा टाकायची, मी पत्रा घासायचो, भावजी खुर्चीत बसून मजा बघायचे आणि मामा हवेत कंस काढत येरझारा घालायचे. "लिहा. ज्याअर्थी सदरहू फाटक हे सदरहू घराचे एकमेव प्रवेशद्वार आहे, आणि ज्याअर्थी सदरहू घरात रुग्ण राहतो, आणि ज्याअर्थी..."

मी म्हटलं, "मामा, त्याअर्थी कधी येतंय? पत्रा अर्धा संपला."

"धीर धरा. पाया भक्कम हवा. आता व्याख्या. 'वाहन' म्हणजे, यंत्राने चालणारी असो वा नसो, जिला चाके आहेत व जी मनुष्यास वाहून नेण्यास योग्य आहे अशी कोणतीही वस्तू."

मी ब्रश बुडवला. तेवढ्यात भावजी म्हणाले, "म्हणजे मी."

भावजींनी खुर्चीच्या चाकावर टिचकी मारली. "चाकं आहेत. मनुष्य वाहून नेते. म्हणजे मी माझ्याच फाटकासमोर आलो तर गुन्हा."

आक्का आतून उलथणं घेऊन बाहेर आली. "हक्क म्हणजे हाच काय हो? ज्याच्यासाठी पाटी, त्यालाच मनाई?"

मामा मुळीच डगमगले नाहीत. उलट असे खूश झाले, जसा मी चुना न उडालेली भिंत बघून होतो! "अपवाद!" म्हणाले. "अपवादाशिवाय कायदा म्हणजे खिडकीशिवाय घर. लिहा, रुग्णाची खुर्ची वगळून. रुग्णालयाची गाडी वगळून. आणखी काय वगळायचं?" मी म्हटलं, माझी रंगाची हातगाडी वगळा. ती वगळली. शिंपी रस्त्यापलीकडून ओरडला, माझी सायकल! मामा म्हणाले, सायकल वगळायला सबळ कारण हवं. मग शिंपी कारण द्यायला आला, तो चहा पिऊनच गेला, पण कारण सबळ ठरलं नाही. रुसला. अजून माझ्या विजारी आखूड शिवतो.

मग 'समोर' म्हणजे काय? फीत घेऊन मी या टोकाला, मामा त्या टोकाला. मग 'लावणे' म्हणजे काय? गाडी चालू ठेवून थांबला तर? ड्रायव्हर आत बसला तर? गाडी बंद पडली तर? ढकलत आणली तर? मी म्हटलं, "आणि गाडी उलटी पडली तर?" मी चेष्टेनं म्हटलं हो! मामांनी लिहून घेतलं!

पत्र्याला पत्रा जोडत गेलो. फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत सगळी भिंत गेली. अक्षरं आधी वीतभर होती, मग बोटभर, मग नखाएवढी, शेवटी तर मी भिंगातून मुंग्या रंगवत होतो. पाठ धरली, मान धरली. पण सांगतो, मला रुबाब वाटत होता. रोज संध्याकाळी माणसं यायची, विचारायची, "पेंटर, काय लिहिताय?" मी खांद्यावर फडकं टाकून म्हणायचो, "कायद्याची भाषा. तुम्हाला नाही कळायची."

आणि शेवटी मामांना आलं भरतं. डोळे मिटून म्हणाले, "पेंटर, एक राहिलं. न वाचलेला कायदा लादणं हा अन्याय. न समजलेला कायदा लादणं हा तर महाअन्याय. कपाटांमध्ये आयुष्य गेलं माझं, मला माहीत आहे. ज्याला ही पाटी बांधणार, त्याला ती वाचायची, समजून घ्यायची मुभा पाहिजे." आम्ही सगळे भारावलो. आक्कानंसुद्धा डोळ्याला पदर लावला. आणि मी, गाढवासारखा, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदरहू पाटी वाचून समजेपर्यंत कोणीही वाहनासह उभे राहणे, हे या पाटीच्या प्रयोजनार्थ वाहन लावणे असे समजले जाणार नाही.'

पत्रा संपला. कोपरान् कोपरा भरला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाटीवर 'हुकमावरून' लिहायला जागा उरली नाही. मला जरा चुटपुट लागली, पण मामा लांब उभे राहून, मान तिरकी करून, डोळे भरून बघत म्हणाले, "ही! ही झाली कायद्याची भाषा!"

आणि कबूल केल्याप्रमाणे मामांनी दुसऱ्या दिवसापासूनच गाडी लांब, पार पाण्याच्या टाकीपाशी नेऊन लावली होती. रोज तिथून उन्हातून चालत येतात, घामाघूम, पण ताठ मानेनं. माणूस शब्दाचा पक्का. त्यात काही खोट काढायची नाही.

पण बाकीचे!

मंगळवारी सकाळी एक मोटरसायकलवाला आला. एवढी मोठी पाटी बघून थांबला. का थांबणार नाही? अक्षरं मुंगीएवढी, चालत्या गाडीवरून दिसतायत कुठं? उतरला, जवळ गेला, नाक लावून वाचायला लागला. त्याला बघून एक मोटारवाला थांबला, काय लिहिलंय म्हणून. त्यांना बघून टेंपोवाला. टेंपोमागं सायकलवाले. फाटकासमोर जत्रा! रुग्णालयाची गाडी गल्लीच्या तोंडाशी बोंबलतेय, घरात भावजी तयार होऊन बसलेले, आणि मी धावलो, "ए, काढा गाड्या! पाटी दिसत नाही?"

मोटारवाला म्हणाला, "तीच तर वाचतोय."

"मग वाचून झाली ना?"

"वाचून झाली. समजली नाही."

टेंपोवाला तर बेरकी! मान खाजवत म्हणतो, "काका, मला यातली एकच ओळ समजली, ती शेवटची. समजेपर्यंत उभं राहिलेलं चालतं. बाकीचं समजून घेतो सावकाश. तोवर जरा समोर दाढी करून येतो." आणि गेला! टेंपो फाटकात, हा न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला साबण!

गल्लीत बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? आक्काच्या फाटकासमोर गाडी ठेवायची, कुणी हटकलं तर म्हणायचं, वाचतोय. गाडीत कोणी नसलं तर? वाचायला चष्मा आणायला गेलाय. बाजाराला जायचंय, ठेव गाडी पाटीसमोर. सासुरवाडीला जायचंय, ठेव पाटीसमोर. एक जण तर गावाला जाऊन आला, म्हणाला, विचार करत होतो!

मामा धावत खाली आले. त्यांना वाटलं, सोपं आहे, समजावून सांगू, समजलं की जातीलच! उभे राहिले पाटीसमोर, हातात काठी, आणि सुरू झाले, "हे बघा, 'सदरहू' म्हणजे, कंसात..." अहो, मामा समजवायला लागले की जाणारेसुद्धा थांबायचे! गर्दी दुप्पट! आणि व्याख्यान संपलं की मामा विचारणार, "समजलं?" की सगळे एका सुरात, शाळेतल्यासारखे, "नाहीऽऽऽ!"

आक्का ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "बघ. तुझी पहिली पाटी एकच माणूस मानत नव्हता. ही पाटी सगळे मानतात आणि एकही हलत नाही."

मी मामांना म्हटलं, "मामा, मी ती शेवटची ओळ खोडतो. एक हात मारला की काम झालं."

मामांनी असं बघितलं जणू मी कुणाचा गळा कापायला निघालोय. "खोडाखोड? पेंटर, खोडलेली ओळ दिसली की उरलेल्या सगळ्या ओळींवरचा विश्वास उडतो. दुरुस्ती करायची ती पुरवणी पाटी लावून. 'समजेपर्यंत' म्हणजे कितीपर्यंत, याची व्याख्या करायला हवी. समजणे म्हणजे काय, हेही..."

"मग लिहू आजच!"

"आज? समजणे म्हणजे काय, याच्यावर आमच्या खात्यात मी नोकरीला लागलो तेव्हापासून मतभेद आहेत."

मी आक्काकडे बघितलं, म्हटलं हिनं तरी सांगावं, काढून टाक ती पाटी आणि जुनी लाव. पण ती म्हणाली, "काढायची नाही. हक्क आहे तो माझा." आणि हळूच, मामांना ऐकू जाणार नाही असं, "आणि तो बिचारा रोज टाकीपासून चालत येतो रे. त्याला काय वाटेल?" बोला आता! मला कधी म्हणाली नाही, तुझी मान धरली, तुला काय वाटेल!

मग झालं काय, मीच एका शुक्रवारी उजाडता उजाडता स्टूल उचललं, आक्काच्या फाटकासमोर अगदी मधोमध ठेवलं, चष्मा लावला आणि बसलो वाचत. मोटारवाला आला. "काका, सरका." म्हटलं, "वाचतोय." "अहो, तुम्हीच लिहिलीत ना ती!" म्हटलं, "लिहिली. समजली कुठं?" टेंपोवाला आला, साबणासकट, त्यानं खूप हुज्जत घातली, पण कायद्यापुढं कुणाचं चालतं? गेला. गर्दी पांगली. रुग्णालयाची गाडी दिसली, मी उठलो, स्टूल काखेत मारलं, गाडी आली, फळी खाली, भावजी वर, आणि जाता जाता मला म्हणाले, "कुठल्या ओळीपर्यंत आलास?" म्हटलं, "अजून पहिल्याच ज्याअर्थीवर आहे." हसत गेले. वेळेवर पोचले, वेळेवर परत आले, चेहरा ताजा, संध्याकाळी आक्काच्या चहाला नावंसुद्धा ठेवली!

तेव्हापासून दर मंगळवारी, दर शुक्रवारी हेच. गावभर पाट्या रंगवणारा माणूस, ज्याच्या एका हुकमावर गॅसवाले जिना उतरायचे, तो सकाळच्या गारठ्यात स्वतःचीच पाटी वाचत बसतो. जाणारी येणारी पोरंसोरं विचारतात, "आजोबा, पास झालात का?" सहन करतो. काय करणार!

परवा मला शंका आली, म्हणून मामांना विचारलं, "मामा, हे माझं बसणं कायदेशीर आहे ना? उद्या एखादा आडमुठा येऊन मला उठवणार नाही ना?"

मामांनी पाटी पुन्हा तपासली. वरून खाली, खालून वर, कंसांसकट. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पेंटर, निर्धास्त बसा. ही पाटी तुम्हाला समजत नाही तोवर तुम्हाला इथून कुणीही उठवू शकत नाही."

आणि आमची आक्का, ओट्यावरून, मुळीच न विचारता म्हणते कशी, "मग मिटली काळजी. जन्माची सोय झाली!"